चादरीखालची बोटं

आमच्या पोलादपुरात डॉक्टर झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण डॉक्टर घडवणारा माणूस एकच, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. कुशाबा ढेबे. शिक्षण तिसरी, धंदा म्हशींचा, वय पन्नासच्या अलीकडे की पलीकडे हे त्याच्या आईलाच ठाऊक होतं, आणि ती सांगायला राहिली नाही. वीसेक वर्षांपूर्वी उमरठच्या वरच्या धनगरवाडीतून तो जनीवहिनी, पाच म्हशी आणि एक भुंकणारं कुत्रं घेऊन खाली उतरला आणि माझ्या शेजारी स्थिरावला. तेव्हापासून माझ्या घरात दूध चांगलं येतं आणि माशा त्याहून चांगल्या येतात.

हा माणूस डॉक्टर घडवतो म्हणजे काय, ते सांगतो. कुशाबाला लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला होता. तो ताप गेला, पण जाताजाता हृदयाची एक झडप आवळून गेला. झडप म्हणजे गोठ्याचं फाटक समजा. फाटक अर्धवटच उघडलं तर गुरं चेंगराचेंगरी करत आत शिरतात आणि जो गलका होतो, तसा आवाज कुशाबाच्या छातीत दर ठोक्याला होतो. कुशाबाला त्याचा पत्ता नव्हता. चढण चढताना दम लागायचा, तर तो म्हणायचा, "डोंगर वाढलाय."

आठ वर्षांपूर्वी महाडच्या बाहेर एका ट्रस्टच्या इस्पितळाला मेडिकल कॉलेज जोडलं गेलं. कॉलेज झालं म्हणजे पोरं आली, आणि पोरं आली म्हणजे त्यांना शिकायला रोगी हवेत. पुस्तकातला रोगी पुस्तकात पडून असतो, त्याला हात लावता येत नाही. त्याच सुमारास कुशाबा खोकला घेऊन तिथे गेला. डॉक्टर अश्वजित म्हणून मेडिसिनचे मोठे सर आहेत, मूळचे महाडचेच. त्यांनी नळी छातीवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अहाहा!"

कुशाबाला जन्मात कुणी अहाहा म्हटलं नव्हतं. लग्नात जनीवहिनींनीसुद्धा नाही. सरांनी लगेच पांढऱ्या कोटातली बारा पोरं बोलावली, बारा नळ्या आळीपाळीने छातीला लागल्या, आणि संध्याकाळी जो माणूस पोलादपूरला परतला तो आमचा जुना कुशाबा नव्हता. त्याने मला हाक मारून बाहेर बोलावलं.

"अण्णा, तुझ्या छातीत काय हाय?"

"काही नाही रे."

"मंग!" असं म्हणून तो आत निघून गेला.

तेव्हापासून मंगळवार हा कुशाबाचा कॉलेजचा वार. सकाळी दाढी. छातीला पावडर. धुतलेली टोपी. महाडच्या अजमलचा टेम्पो पोलादपूरला पेंड उतरवून महाडला रिकामा परतायचा, त्यात पुढच्या सीटवर साहेबासारखा बसून जायचा. विद्यार्थ्याने सांगायच्या आधीच हा डाव्या कुशीवर वळायचा, श्वास सोडून थांबायचा. कारण तो आवाज तसाच नीट ऐकू येतो. एखादं पोर नळी भलतीकडे ठेवू लागलं तर त्याचं मनगट धरून नळी चार बोटं खाली सरकवायचा. दुपारी इस्पितळाचं जेवण जेवून घरी यायचा आणि जनीवहिनींना सांगायचा, "आज आठ जनांना शिकवलं."

"आनि शेन कोन काढनार? ते आठ जन?" जनीवहिनी विचारायच्या. पण एवढ्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञाला शेणाचं कोण सांगणार!

वर्षाच्या शेवटी परीक्षा. तिथेही कुशाबाला खास निमंत्रण, कारण असा स्वच्छ, खणखणीत आवाज आसपासच्या चार तालुक्यांत दुसऱ्या छातीत नाही. परीक्षेची पद्धत अशी: एका विद्यार्थ्याला एक रोगी, रोगी मात्र आळीपाळीने तिघाचौघांना तोच. त्याने विचारपूस करायची, हात लावून, ठोकून, ऐकून तपासायचं आणि मग परीक्षक आले की त्यांच्यासमोर रोग सांगायचा. पोरं घाबरून पांढरी पडलेली. कोटात आणि चेहऱ्यात फरक कळायचा नाही. कुशाबाला त्यांची दया आली. आणि इथून आमच्या गुरुजींनी जी युक्ती काढली ती फक्त गुरांच्या बाजारात आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचावी.

घाटावरच्या बाजारात म्हशीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात आणि सौदा होतो. बाजूला उभ्या असलेल्या शंभर माणसांना काही कळत नाही. कुशाबाने उपरण्याच्या जागी इस्पितळाची हिरवी चादर घेतली. परीक्षक पुढ्यात उभे, विद्यार्थ्याचा एक हात नाडीवर, दुसरा चादरीखाली. कुशाबाने अंगठा दाबला म्हणजे झडप डावीकडची. दोन बोटं दाबली म्हणजे ती आवळलेली आहे, गळकी नाही. आणि करंगळी ओढली म्हणजे नाडी नियमित, तिथे उगाच वेळ घालवू नका. ही लिपी एका तुकडीने दुसऱ्या तुकडीला शिकवली. मुंबईकडची, पुण्याकडची, इंग्रजी शाळांतली पोरं कुशाबाची करंगळी धरून डॉक्टर झाली. आज ती कुठेकुठे दवाखाने टाकून बसली असतील. त्यांच्या रोग्यांच्या चादरीखाली काय चालतं, देव जाणे.

आता एवढा आजार ठाऊक असताना त्याच्यावर इलाज का नाही, असं तुम्ही विचाराल. इलाज होता. डॉक्टर अश्वजितांनी त्याला तीनदा बसवून समजावलं होतं. पायाच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला फुगा, तो फुगवून झडप मोकळी करायची. छाती कापायची नाही. योजनेत बसवून देतो, म्हणाले. कुशाबाने पहिल्यांदा सांगितलं, म्हैस व्यायची आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, लावणी आहे. तिसऱ्यांदा पुन्हा म्हैस व्यायची होती. इस्पितळाने कागदावर लिहिलं, "सल्ला दिला, रुग्णाचा नकार", आणि त्याच कागदाच्या मागे पुढच्या परीक्षेची तारीख लिहून दिली.

खरं कारण त्याने मला सांगितलं, तेही गोठ्यात, म्हशींच्या साक्षीने. "अण्णा, फुगा घातला की आवाज जातो म्हनं. मंग मला कोन बोलवील?"

मी खूप हसलो. तो हसला नाही.

आता अजमलची लेक अमरीन. अजमल बारा वर्षं कुवेतला गाडी चालवून आला, महाडला त्याचे दोन टेम्पो आहेत, आणि आयुष्यात त्याने एकच हट्ट धरला: मुलगी डॉक्टर. ती याच कॉलेजात लागली. पहिल्यांदा वॉर्डात आली त्या मंगळवारी बाकीच्या अकरा जणांना कुशाबाचा आवाज ऐकू आला. निदान तसं ते म्हणाले तरी. अमरीनला आला नाही. तिने खरं सांगितलं आणि रडकुंडीला आली.

पुढच्या रविवारी बाप पेंड उतरवत असताना ती टेम्पोतून उतरून गोठ्यात आली. "काका, मला नाही हो जमत."

कुशाबाने तिला गाभण म्हशीपाशी उभं केलं. "नळी ठेव बाजूला. हात लाव. इथं, कुशीत. थांब जरा. घाई करू नको गो."

तिने हात ठेवला. बराच वेळ गेला. मी कुंपणावरून म्हटलं, "अमरीन, कुठलं कॉलेज म्हणायचं हे?" तिने लक्ष दिलं नाही. अचानक तिचे डोळे मोठे झाले. आतलं रेडकू हललं होतं.

"गावलं?" कुशाबाने विचारलं. "आता अजून एक ध्यानात ठेव. बाजारात मालक लय बोलतो. म्हैस अशी हाय, म्हैस तशी हाय. मालकाचं ऐकायचं नाय. जनावराला हात लावायचा, ते काय सांगतं ते खरं."

त्या दिवसापासून ती रविवारीही यायची. म्हशीच्या कुशीपासून सुरुवात करून हळूहळू कुशाबाच्या छातीपर्यंत पोचली, आणि दोन महिन्यांनी तिला तो गलका ऐकू आला. कुशाबाने त्या दिवशी मला फुकट खरवस दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

परीक्षा आली ती मार्चमध्ये. चवदार तळ्याला लोक जमतात त्याच्या आदल्या आठवड्यात. रोग्याबरोबर नातेवाईक लागतो, आणि नेमकी त्या सकाळी म्हैस खरोखरच व्यायला झाली, म्हणून जनीवहिनी अडकल्या. "भावोजी, तुमी जावा. नायतरी तुमाला काम काय असतंय?" या प्रेमळ शब्दांनी माझी नातेवाईक म्हणून नेमणूक झाली. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसलो. खरं सांगतो, नाटकाला पुढची खुर्ची मिळावी तसं वाटत होतं.

बाहेरगावच्या एक परीक्षक बाई आल्या होत्या. बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सोबत डॉक्टर अश्वजित. आदल्या दिवशी रोग्यांचा ईसीजी काढायचा नियम, पण मशीनचा कागद संपला होता. कुशाबाच्या बाबतीत मात्र कुणालाच फिकीर नव्हती. आठ वर्षांत बदललं नाही ते आज काय बदलणार? गेल्या वर्षीचाच कागद नव्या फायलीला लावला.

पहिला आला पियुष. ठाण्याचा. केसांना जेल, मनगटावर घड्याळ, आणि पलंगाशी येताच हात सरळ चादरीखाली. त्याने छातीकडे फक्त शिष्टाचार म्हणून पाहिलं. कुशाबाने अंगठा दाबला, दोन बोटं दाबली, करंगळी ओढली. पियुष धडाधड बोलला. झडप डावी, आवळलेली, नाडी नियमित, आवाज शेवटी चढत जातो. बाईंनी मान हलवली, काही लिहिलं. मागून अजून दोघं आले, तेच बोलले. तीच बोटं, तीच वाक्यं. कुशाबा मला डोळा मारून म्हणाला, "तीन झाले."

चौथी अमरीन.

तिने आधी त्याचा हात हातात घेतला. नाडीवर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट. मग परत एक मिनिट. परीक्षक आले तेव्हाही तिची बोटं तिथेच होती, दुसरा हात चादरीखाली. मला दिसलं, चादर हलली. कुशाबाने करंगळी ओढली. अमरीनची नजर घड्याळावरच. चादर पुन्हा हलली, आता जोरात. अमरीनने दुसरा हात हळूच चादरीखालून काढून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा पलंगाच्या दांड्यावर ठेवला.

"मॅडम, नाडी अनियमित आहे," ती म्हणाली. "अगदी कशीही आहे. पुढचा ठोका कधी येईल ते सांगता येत नाही."

"नाय नाय नाय!" कुशाबा उठूनच बसला. "नेमित हाय मॅडम! आठ वर्सं नेमित हाय! इचारा सरांना!"

बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "आजोबा, परीक्षा कुणाची चाललीय?"

आजोबा! पन्नाशीतल्या माणसाला! कुशाबा धपकन आडवा झाला. बाईंनी स्वतः नाडी धरली. मग डॉक्टर अश्वजितांकडे पाहिलं. अश्वजितांनी धरली, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला पहिल्यांदा त्या खोलीत हसू आलं नाही.

"आणि आवाज?" बाईंनी विचारलं.

"आवाज आहे मॅडम. पण शेवटी चढ असतो असं वाचलंय, तो चढ मला नाही ऐकू आला."

"ऐकू येणार नाहीच. नाडी अशी झाली की तो चढ जातो." बाईंनी कागद चाळले. "आधीच्या तिघांनी मात्र ऐकला. कान चांगले दिसतात तुमच्याकडच्या मुलांचे."

परत येताना टेम्पोत मध्ये मी, एका बाजूला अजमल, दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून कुशाबा. मी म्हटलं, "कुशाबा, सगळ्या वर्गात नापास तूच झालास की रे." एरवी त्याने मला शिवी दिली असती. तो फक्त म्हणाला, "पोरगी फितूर झाली."

अजमल गाडी चालवता चालवता म्हणाला, "फितूर कसली रे? तूच शिकवलंस ना तिला, मालकाचं ऐकायचं नाय म्हनून."



चार दिवसांनी अमरीन आली. अंगणात बसली आणि जनीवहिनींना समजेल असं सांगू लागली. "काकू, दूध हलवलं नाही तर साय धरते ना? काकांच्या हृदयाचा एक कप्पा नीट आवळत नाहीये, नुसता थरथरतोय. आत रक्त साचून राहतं, गोठतं. त्यातला तुकडा सुटला आणि मेंदूत गेला, तर अर्धं अंग जातं. कधीकधी बोलणंही. आता थांबून चालणार नाही. रक्त पातळ करायची गोळी आजपासून, आणि फुगा."

"आनि म्हशी?" जनीवहिनींच्या तोंडून पहिल्यांदा तेच आलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

कुशाबा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने एकच विचारलं, "मंग आवाज?"

अमरीनने खोटं सांगितलं असतं तर काम सोपं होतं. पण ती म्हशीकडून शिकलेली. म्हणाली, "जाईल काका. थोडाफार राहील, पण तो आवाज, तो जाईल."

कुशाबा गोठ्याकडे गेला. गोळी त्याने घेतली, पण फुग्याला नाही म्हणाला. जनीवहिनी रडल्या, मी रागावलो, अजमलने टेम्पोत बसवणार नाही अशी धमकी दिली. नाही म्हणजे नाही. मग मीही वैतागून म्हटलं, "मर मग. आवाजासकट मर. तुझी छाती कॉलेजला दान देऊ, कायमची काचेच्या बरणीत."

"देतील का ठेवून?" त्याने विचारलं. अगदी गंभीरपणे.

निकाल लागला त्या आठवड्यात दुपारी एक मोटारसायकल आमच्या दारात थांबली. पियुष. जेल नव्हतं, दाढी वाढलेली. बाकी दोघं इतर विषयांवर कसेबसे निभावले होते. हा मात्र या एका रोग्यावर नापास झाला होता. भांडायला आला असेल म्हणून मी काठी शोधू लागलो. पण तो अंगणात उभा राहून फक्त एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही करंगळी का ओढली?"

पियुषने थोडा वेळ वाट पाहिली, गाडीला किक मारली आणि गेला.

त्या दिवशी कुशाबा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर माझ्या ओट्यावर येऊन बसला. दूध आणलं नव्हतं, नुसताच आला होता.

"अण्णा, खोड असलेलं जनावर म्या बाजारात विकलं. उपरन्याखाली."

"अरे, तुला कुठे माहीत होतं?"

"मालकाला ठाऊक पायजे." तो आपल्या करंगळीकडे बघत होता. "माझ्या बाबाने एकदा लंगडी म्हैस विकली, चालत्या म्हशीच्या भावात. मंग दोन वर्सं त्याच्या उपरन्याखाली कोनी हात घातला नाय. बाजारात नुसता हुबा र्‍हायचा." थोडं थांबून म्हणाला, "आवाज र्‍हाऊन तरी आता काय करायचा? कोन इश्वास ठेवील त्याच्यावर? त्या पोरीला सांग, फुगा घाला म्हनावं."

जे मरणाच्या भीतीने झालं नाही, बायकोच्या रडण्याने झालं नाही, ते एका नापास पोराच्या चार शब्दांनी झालं. पुण्याला न्यायचं ठरलं, तर वरंधचा घाट त्या आठवड्यात कामासाठी बंद. शेवटी मुंबईला नेलं. आधी काही आठवडे गोळ्या, मग आतून बघून कुठे गोठलेलं नाही ना याची खात्री, मग फुगा. अमरीन सुट्टी काढून बरोबर. फुग्यानंतर पंधरा दिवसांनी कुशाबा परतला आणि उमरठच्या चढावर वाडीपर्यंत न थांबता चालून गेला. वर जाऊन भावकीला म्हणाला, "डोंगर कमी झालाय."

मंगळवार मात्र सुने गेले. सकाळी दाढी करायचा, पावडर लावायची की नाही ते ठरत नसायचं, मग शेण काढायला जायचा. जनीवहिनी म्हणाल्या, "भावोजी, मानूस बरा झाला, पन घरात र्‍हातोय त्यो." मला तक्रार कळली.

पावसाळा सरता सरता डॉक्टर अश्वजितांचा निरोप आला. नापासांची फेरपरीक्षा आहे, याल का? कुशाबाला वाटलं चुकून बोलावलं. सरांनी फोनवर सांगितलं, "आवाज थोडासा उरलाय. तोच शोधायला लावायचाय. मोठा आवाज कुणालाही ऐकू येतो."

पुन्हा मी नातेवाईक. पुन्हा स्टूल. यावेळी ईसीजी त्याच सकाळी काढलेला, त्यावर सहीची शाई ओली. आणि पलंगाशी आलेला उमेदवार, पियुष.

त्याने विचारपूस केली, तपासलं, घाम पुसला. परीक्षक आले तसा त्याचा एक हात, जुनी सवय, चादरीच्या काठापर्यंत गेला. पण चादरीखाली काही नव्हतं. कुशाबाने दोन्ही हात वर काढून छातीच्या जरा खाली एकमेकांवर ठेवले होते, सगळ्या वॉर्डाला दिसतील असे, आणि तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

"काका," पियुष ओठ न हलवता म्हणाला.

"मालकाचं ऐकू नको रे," कुशाबा पंख्याला म्हणाला. "हात लाव आदी. घाई करू नको."

पियुषने हात ठेवला. मग नळी ठेवली. मग डोळे मिटले. परीक्षकांनी घड्याळात पाहिलं, मी कुशाबाकडे पाहिलं. त्याने श्वास सोडून धरला होता आणि कुणी सांगायच्या आधीच डाव्या कुशीवर वळला होता. तेवढी एक मदत केली म्हणा. आठ वर्षांची सवय, लगेच थोडीच जाते.